मूठ आणि माप

मराठीत मूठ म्हणजे मिटलेला हात, आणि त्या हातात धरायचा भागही मूठच. तलवारीची मूठ, छत्रीची मूठ, विळ्याची मूठ. आमच्या घरच्या बोलीत तिला दस्ता म्हणतात. फारसीत दस्त म्हणजे हात. मराठीतले दस्तखत आणि दस्तऐवज हे शब्द तिकडूनच आले. म्हणजे दोन्हीकडे नाव ठेवताना वस्तूकडे नव्हे, हाताकडे पाहिलं गेलं. वस्तू घडवताना मात्र हे नेहमी लक्षात राहतंच असं नाही. कारखाना हजारो नग काढतो ते एका मापाचे, आणि अल्ला मियाँनं दोन माणसांचे पंजे सारखे केलेले नाहीत.

आज मी बोलणार आहे ते रिव्हॉल्व्हरच्या मुठीबद्दल. मोठ्या पंजाच्या माणसाला ती कशी बसवून घ्यावी लागते याबद्दल. कविता लिहिणाऱ्यानं हा विषय कुठून काढला, असं काहींना वाटेल. शस्त्राचं मला कौतुक नाही. पण पोलिसांच्या, बँकेची रोकड नेणाऱ्या रक्षकांच्या, परवानाधारकांच्या कमरेला ते असतं, हे खरं आहे. आणि जे हातात नीट बसत नाही त्यातून सुटलेली गोळी कुठे जाईल, कुणाला लागेल, याचा भरवसा नाही. म्हणून हा प्रश्न केवळ हौशी माणसांचा नाही.

माझा एक शाळासोबती तालमीत वाढला. त्याचा पंजा एवढा, की चहाचा कप हातात घेतला की कप दिसेनासा व्हायचा. पुढे तो एका सुरक्षा दलात गेला. तिथे दरवर्षी नेमबाजीची परीक्षा असे. रायफल हातात असली की तो पहिल्या चारांत. रिव्हॉल्व्हर आलं की गोळ्या लक्ष्याच्या एका बाजूला, त्याही विखुरलेल्या. एवढा पैलवान गडी आवाजाला बिचकतो, अशी थट्टा व्हायची. तो बिचकत नव्हता. त्याच्या हाताला धरायला पुरेसं काही मिळतच नव्हतं.

असं का व्हावं, हे कळण्यासाठी तलवारीकडे जरा वळून येऊ. संग्रहालयात जुनी तलवार पाहिली की तिची मूठ किती लहान, हे सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं. पूर्वीच्या माणसांचे हात लहान होते का, असा प्रश्न हटकून येतो. पण आपल्या तलवारीची मूठ मुद्दामच घट्ट ठेवलेली असते. तिच्या मागच्या टोकाला बशीसारखी चकती असते, ती मनगटाला फार वाकू देत नाही, आणि वार खांद्यातून, ओढून होतो. तिथे पाची बोटांना एकच काम : आवळून धरायचं.

रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. इथे एकाच हाताला दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. तीन बोटं आणि तळहात यांनी घट्ट धरायचं, आणि त्याच वेळी तर्जनीनं मोकळेपणानं, सावकाश, सरळ मागे चाप ओढायचा. घोडा आधी अंगठ्यानं मागे ओढून ठेवला असेल तर चाप हलका असतो. तसं न करता नुसता चाप ओढून गोळी झाडायची, तर त्याच ओढीत सिलिंडर फिरतो आणि घोडाही उठतो. त्याला साधारण पाच किलोचा जोर लागतो. अख्ख्या रिव्हॉल्व्हरचं वजन एक किलोच्या आतबाहेर. एक किलोची वस्तू हवेत धरून तिच्यावर पाच किलोचा जोर लावायचा आणि तिला जागची हलू द्यायचं नाही, असा हा मामला आहे.

आता यात मोठा पंजा घाला. मूठ बारीक, म्हणून बोटांची टोकं तळहाताला वळसा घालून अंगठ्याच्या बुंध्यावर चढतात. पकडीत जोर उरत नाही. तर्जनी लांब, ती चापावर दुसऱ्या पेरापर्यंत आत शिरते; मग ओढ सरळ मागे न जाता तिरकी जाते आणि नळीचं तोंड बाजूला सरकतं. करंगळीला जागाच नसते, ती मुठीखाली लोंबकळते. चापाभोवतीच्या कड्यामागे, मूठ सुरू होते तिथे एक पोकळी असते. नळी हातापेक्षा वर असल्यामुळे बार होताच तोंड वर उसळतं, सैल मूठ हातातल्या हातात फिरते, आणि त्या पोकळीत कड्याची मागची कड मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळते. माझ्या सोबत्याच्या त्या बोटावर कायमचा घट्टा पडला होता. पुढच्या गोळीला ते बोट आपसूकच आखडतं. त्याला लोक बिचकणं म्हणत होते.

ही अडचण रिव्हॉल्व्हर करणाऱ्यांनाही फार आधीपासून ठाऊक होती. अमेरिकेत कोल्ट कंपनीचं १८७३ चं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर घ्या. त्याच्या मुठीच्या आकाराला तिकडचे लोक नांगराची मूठ म्हणतात. आपलं रुमणंच. धक्का बसला की ती हातात वर फिरावी आणि घोडा अंगठ्याजवळ आपोआप यावा, अशी ती सोय होती. म्हणजे तिथे फिरणं हा दोष नव्हता, गुण होता. इंग्रजांच्या लष्कराचं वेब्ली रिव्हॉल्व्हर १८८७ पासूनचं. आधी त्याची मूठ पाखराच्या डोक्यासारखी खाली निमुळती होत जाई. १९१५ च्या सहाव्या नमुन्यात ती चौकोनी आणि भरीव झाली. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत .३५७ मॅग्नम हे जोरकस काडतूस आलं. हात चांगलेच दुखू लागले, तेव्हा कड्यामागची ती पोकळी भरून काढणाऱ्या आणि हाताजोगत्या मोठ्या मुठींना तिकडे चांगलं गिऱ्हाईक मिळू लागलं.

आपल्याकडे परवानाधारकांसाठी कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ चं रिव्हॉल्व्हर होत आलं आहे. त्याची ठेवण वेब्लीचीच : मधून मोडून काडतुसं भरायची. २०१४ मध्ये कानपुरातच बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं सुमारे अर्धा किलोचं हलकं रिव्हॉल्व्हर निघालं. लहान हाताचा विचार झाला, हे चांगलंच. पण लहान हात म्हणजे बाई आणि मोठा हात म्हणजे पुरुष, असा सरळ हिशेब नसतो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचा पंजा माझ्या पंजापेक्षा पेरभर मोठा आहे.

माझा सोबती निवृत्त झाला, रीतसर परवाना मिळवून त्यानं .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मूठ करून घ्यायचं ठरवलं. सरकारी शस्त्र सरकारचं असतं, त्याच्या मुठीला हात लावायची सोय नोकरीत नव्हती. फार तर कुणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून वेळ मारून नेतो. आता मात्र शस्त्र त्याचं होतं. सगळं काम मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानंही चाचपायचं. मग मुठीच्या दोन्ही बाजूंच्या फाळ्या काढायच्या. त्या एका आडव्या स्क्रूवर बसलेल्या असतात. जुन्या फाळ्या टाकायच्या नाहीत; एक तर त्यांच्या आतल्या बाजूवरून नवीन फाळ्यांचं माप मिळतं, आणि नवं बिघडलं तर जुनं परत बसवता येतं. पुठ्ठ्यावर त्यांची आकृती काढून घेतली. सुताराकडे गेला तो पुठ्ठा आणि जुन्या फाळ्या. शस्त्र गेलं नाही, आणि जाऊही नये.

दुसरं, हाताचा ठसा. जुन्या फाळ्यांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळून त्यावर एम-सील थापायचं. हो, नळाची गळती बंद करायला आणतो तेच. ते मऊ आहे तोवर नेम धरताना जसं धरतो तसंच धरायचं, नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत ठेवून. जादा असेल ते बोटांमधून बाहेर येतं. वाळल्यावर जे उरतं तो त्या माणसाच्या मुठीतल्या पोकळीचा नकाशाच असतो. ते पाहून मी थक्क झालो. आपण समजतो, मोठ्या हाताला मूठ सगळीकडून जाड करायची. तसं नव्हतं. सगळ्यात जास्त भर पडली होती कड्यामागच्या पोकळीत, त्याखालोखाल तळहाताच्या खळग्यात आणि खाली करंगळीसाठी. मागच्या बाजूला थर अगदी पातळ होता.

या मागच्या बाजूतच सगळी मेख आहे. तिथे जितकी जाडी वाढवाल तितकी तर्जनी चापापासून मागे जाते. मोठ्या हाताला हे थोडं हवंच असतं, कारण बोट फार आत शिरत असतं. पण जास्त झालं की नुसतं टोक पोचतं आणि चाप बाजूला ढकलला जातो. पहिल्या पेराची गादी चापाच्या मध्यावर यावी, जोराची ओढ असेल तर फार तर पहिला सांधा, आणि बोटाची आतली बाजू लाकडाला घासू नये, इतकं साधलं की पुरे. लहान पंजा असेल तर उलट : मागचं लाकूड काढून पोलाद उघडं ठेवतात.

लाकूड शिसवी घेतलं. परदेशात अक्रोडाची चाल आहे. आपल्याकडे शिसव मिळतं, जड असतं आणि कड धरून राहतं. दोन हात कानस मारायची, पॉलिश पेपर फिरवायचा, फाळी आणून बसवून पाहायची, परत न्यायची. असे अकरा हेलपाटे झाले. उरलेलं अर्धं काम काय बसत नाही ते शोधण्याचं. रिव्हॉल्व्हर मोडताना खिट्टीपर्यंत अंगठा जातो का, रिकामी पुंगळी बाहेर पडताना लाकडाला अडत नाही ना, हे पाहिलं. शेवटी बोटांखाली बारीक चौकटीच्या रेघा कोरल्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात गुळगुळीत पॉलिश घामानं निसटतं, हे सांगायला नको.

कायद्याचं एक सांगितलं पाहिजे. शस्त्रांची दुरुस्ती, बदल हे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक कारागिरानंच करायचं काम आहे. म्हणून शेवटची जोडणी आणि तपासणी त्यानं परवानाधारक दुकानात करून घेतली. चाप, घोडा, नळी यांना कुणी हात लावला नाही. मूठ बदलणं आणि शस्त्र बदलणं यांतली रेघ स्वतः ठरवू नये, दुकानदाराला विचारावं.

नेमबाजीच्या खेळात ही कला टोकाला गेली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. या प्रकारातल्या पिस्तुलाची मूठ हाताच्या आकारानुसार कोरलेली असते, तळहाताखाली वरखाली सरकणारी लाकडी पट्टीही असते. पण तिथेही मर्यादा आखलेल्या आहेत : मुठीनं मनगटाला आधार द्यायचा नाही, आणि पिस्तूल मुठीसकट ठरलेल्या मापाच्या पेटीत बसलं पाहिजे. हाताला मदत करा, हाताचं काम करू नका, असा तो नियम. मला तो आवडला.

नवीन मुठीनं माझा सोबती परवानगीच्या नेमबाजी केंद्रावर गेला. पंचवीस गोळ्या झाडल्या. सगळ्याच मधोमध लागल्या नाहीत. वय झालं, नजर तीच राहिली नाही. पण पूर्वी बाजूला भरकटणाऱ्या गोळ्या आता एका वितीत होत्या आणि बोटाला खरचटलं नव्हतं.

आता त्याला एकच काम उरलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं. मुठीचा स्क्रू मृगात एकदा आणि दिवाळीला एकदा पाहावा लागतो. तो सैल असेल तर फाळी केसभर हलते, आणि नेम पुन्हा बाजूला जातो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)