समुद्रातला भन्नाट सीटिंग प्लॅन!

एक अधिक एक किती? दोन? समुद्रात तसं नाही हं! लाटांवर वीज बनवणारी दोन यंत्रं शेजारी तरंगत ठेवा. वीज दुपटीहून जास्त मिळेल, नाहीतर चक्क कमी. कोण कुठे बसलंय, त्यावर सगळा खेळ!

माहीत आहे का, लाट खाणारं यंत्र स्वतःही लाटा सोडतं? वरखाली डुलताना ते चहूकडे तरंग पाठवतं. हे तरंग शेजाऱ्याला वेळेवर पोचले तर बोनस, चुकीच्या वेळी पोचले तर घाटा.

तरंगणाऱ्या यंत्रांच्या या शेजारधर्माचं गणित 1977 मध्ये मांडणाऱ्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाचं आडनाव काय असावं? बुडाल! शप्पथ, खरंच!

बुडाल आणि त्यांचे सहकारी योहानेस फाल्नेस यांच्या थिअरीतला हा आणखी एक धक्का: वरखाली डुलणारा बोया, म्हणजे असं तरंगतं यंत्र, आपल्या रुंदीपेक्षा कितीतरी मोठ्या पट्ट्यातली ऊर्जा ओढू शकतो. लाटेची लांबी 100 मीटर असेल तर सुमारे 16 मीटरच्या पट्ट्यातली. मूर्ती लहान, हात केवढा लांब!

शेजार फायद्याचा की घाट्याचा, हे मोजायला आता क्यू लावा! म्हणजे रांग नव्हे, ‘क्यू फॅक्टर’. सगळ्यांची मिळून वीज भागिले एकएकट्याने बनवली असती ती एकूण वीज. उत्तर 1 च्या वर गेलं तर पार्टी, खाली आलं तर डोक्याला हात.

मग 1 च्या वरच राहू की! थांबा. आदर्श बोयांच्या गणितात सगळ्या दिशांची सरासरी काढली, की क्यू येतो बरोब्बर 1. एका दिशेच्या लाटांवर कमावलेलं दुसऱ्या दिशेला गमवायचं. समुद्र पक्का व्यापारी निघाला! म्हणून तर लाटा बहुतेक वेळा कुठून येतात, हे आधी बघायचं आणि मग नांगर टाकायचा. बोयांच्या जागा शोधायला आता उत्क्रांतीची नक्कल करणारे जेनेटिक अल्गोरिदमही कामाला लागलेत.

हे झालं गणित. प्रत्यक्षात जगातलं पहिलं ‘लाटांचं शेत’ कुठलं? पोर्तुगालचं आगुसादोरा, 2008. पेलामिस नावाचे तीन लालभडक यंत्र-साप, प्रत्येकी 750 किलोवॅटचे. काही महिन्यांतच साप बिळात, म्हणजे बंदरात परतले!

स्पेनच्या मुत्रिकूत 2011 मध्ये बंदराच्या भिंतीतच 16 टर्बाइन ओळीने बसवले. भिंतीतल्या पोकळीत लाट आत आली की हवा बाहेर, लाट हटली की हवा आत. पाती मात्र फिरतात एकाच दिशेने. वारा फिरला तरी दिशा न बदलणारं असं काही निवडणुकीच्या मोसमात दाखवा बरं!