सतरा नंबरचा फॉर्म भरला, पण शिकवणार कोण?

"सर, सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळेची गरज नाही ना?" शिरूर-दौंड भागात हा प्रश्न दरवर्षी कानावर येतो. विचारणारे वेगवेगळे असतात. हिफ्ज पूर्ण करून घरी आलेल्या मुलाचे अब्बा असतात. गावात पुढची शाळा नाही म्हणून मुलीला घरी ठेवलेली अम्मी असते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला लागलेला, दहावी राहून गेलेला तरुणही असतो. सगळ्यांना दहावीचं प्रमाणपत्र हवं असतं, आणि ते मिळूही शकतं. पण एक प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: मुलाला शिकवणार कोण?

शाळेत हा प्रश्न पालकांना विचारावा लागत नाही, कारण नियमांनीच तो आधी विचारलेला असतो. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 23 नुसार राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने 23 ऑगस्ट 2010 रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांची पात्रता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावी, डीएड आणि टीईटी. सहावी ते आठवीसाठी पदवी, डीएड किंवा बीएड आणि टीईटी. नववी-दहावीला पदवी आणि बीएड लागतं. खासगी शाळांसाठी महाराष्ट्रात 1981 ची सेवाशर्ती नियमावली आहे.

टीईटीबद्दल सध्या बरीच चर्चा आहे. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्यांना त्यासाठी दोन वर्षं दिली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होतो का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने मोठ्या खंडपीठासाठी पाठवला, कारण 2014 च्या निकालाने त्यांना कायद्यातून वगळलं होतं. पण याचा अर्थ आपल्या उर्दू शाळांत कुणीही शिकवू शकतो असा नाही. प्रशिक्षणाची अट तिथेही आहेच.

आता शाळेबाहेर या. इथे तीन वाटा दिसतात.

पहिली वाट राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म. मूल खासगी विद्यार्थी म्हणून बसतं. मंडळ त्याला एक शाळा संपर्क केंद्र म्हणून देतं. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक तिथूनच होतं. पण वर्षभर रोज शिकवणं हे त्या केंद्राचं काम नाही.

दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. 1989 पासून ती चालू आहे. दहावीसाठी किमान वय 14 लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. उर्दू माध्यमही आहे. अभ्यास केंद्रात ठरावीक संपर्क तासिका होतात आणि स्वाध्यायांना 20 टक्के गुण असतात. बाकी अभ्यास मुलाने स्वतः करायचा असतो.

तिसरी वाट खासगी क्लासची, आणि पहिल्या दोन वाटांवरची मुलं शेवटी इथेच येतात. क्लासमध्ये शिकवणाऱ्याला डीएड, बीएड किंवा टीईटीची सक्ती नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. शिकवणारा किमान पदवीधर असावा, असं त्यात म्हटलं आहे. पण त्या सूचना आहेत, कायदा नाही. मदरशांनाही 2012 च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं आहे. म्हणजे तिथे गणित-इंग्रजी कोणी शिकवावं, हे हा कायदा सांगत नाही. ते पालकांनी आणि मदरशाच्या जिम्मेदारांनीच बघायचं.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात घ्या. मूल सहा ते चौदा वयाचं असेल तर घाईने मुक्त शाळेचा विचार करू नका. कलम 4 प्रमाणे मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळतं. आठवी होईपर्यंत, वय चौदाच्या पुढे गेलं तरी, शिक्षण मोफत आहे. दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हिफ्ज करून आलेला अकरा वर्षांचा मुलगा थेट जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊ शकतो. तिथे प्रशिक्षित शिक्षक हा त्याचा हक्क आहे, आणि तोही एक रुपया न देता.

मोठ्या मुलांसाठी मुक्त शाळा चांगली वाट आहे. फक्त पैसे भरण्याआधी एवढं तपासा:

1. फॉर्म मंडळाच्या किंवा एनआयओएसच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा. पावती मुलाच्या नावाची घ्या. मोबाईल नंबर घरचाच द्या, एजंटचा नको.

2. संपर्क केंद्राचं नाव विचारा आणि एकदा स्वतः जाऊन या.

3. गणित, विज्ञान, इंग्रजी कोण शिकवतं, त्यांचं शिक्षण काय, हे विचारा. यात संकोच कसला? चांगला शिक्षक आनंदाने सांगतो.

4. वह्या कोण तपासतं ते बघा. स्वाध्याय दुसऱ्याने लिहून देत असतील तर तो क्लास सोडा.

5. एनआयओएसमध्ये गणित-विज्ञान टाळून सोपे विषय घेता येतात. पण पुढे पॉलिटेक्निक किंवा विज्ञान शाखेत जायचं असेल तर तिथे अडचण येऊ शकते. विषय निवडताना पुढचा विचार करा.

6. "पास करून देण्याची गॅरंटी" असं कुणी म्हणालं, तर ती वाट धोक्याची समजा.

सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हाच चौकशी सुरू करा. जमातीत, मोहल्ल्यात निवृत्त किंवा नोकरीतले बीएड शिक्षक असतील तर आठवड्यातून दोन दिवस चार-पाच मुलांना बसवा. शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलाची शिक्षकाची गरज कमी होत नाही. फक्त शिक्षक कसा आहे हे तपासण्याची जबाबदारी सरकारकडून आपल्यावर येते.