एकाच स्पर्धेत ग्रँडमास्टर

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला बुद्धिबळ विश्वचषक सुरू झाला, तेव्हा नागपूरच्या दिव्या देशमुखच्या खात्यात ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म नव्हता. हा किताब सहसा टप्प्याटप्प्याने मिळतो. तगड्या स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी करून तीन नॉर्म मिळवायचे आणि रेटिंग २५००पर्यंत न्यायचे. यात भल्याभल्यांची वर्षे जातात. विश्वचषक जिंकणारीला मात्र जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेच्या नियमानुसार किताब थेट मिळतो. १०७ जणींच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पंधरावे मानांकन असलेली एकोणीस वर्षांची मुलगी या वाटेने ग्रँडमास्टर होईल, हे फारसे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

वाटेत चीन होता. १९९१ साली शिए जुन जगज्जेती झाली, तेव्हापासून चीनने महिलांमध्ये सहा जगज्जेत्या घडवल्या. चौथ्या फेरीत दिव्यासमोर आली दुसरे मानांकन असलेली झू जिनेर. पहिला डाव दिव्याने घेतला, दुसरा गमावला आणि टायब्रेकमध्ये झूला बाहेर काढले. मग द्रोणावल्ली हरिकाला हरवून ती उपांत्य फेरीत २०१७ची जगज्जेती तान झोंगयी हिच्यासमोर बसली. काळ्या मोहऱ्यांनी बरोबरी झाली. पांढऱ्या मोहऱ्यांचा डाव मात्र १०१ चालींपर्यंत लांबला. एरवी चाळिसाव्या चालीच्या आसपास बहुतेक डावांचा निकाल स्पष्ट झालेला असतो. इथे दिव्याने त्यापुढे साठ चाली चिकाटीने काढल्या आणि जिंकली. माझ्या मते तिचा कस इथेच लागला.

अंतिम फेरीत कोनेरू हम्पी. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांतला पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्या डावात वेळेच्या ताणात हम्पीच्या चुका झाल्या आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या २.५-१.५ अशी जिंकली. डाव संपताच तिला रडू कोसळले, आई, डॉ. नम्रता, यांना तिने घट्ट मिठी मारली.

हे यश अचानक आलेले नव्हे. २०२४ मध्ये ती ज्युनियर जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये तिने सांघिक सुवर्णासोबत तिसऱ्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णही मिळवले. बाटुमीच्या महिनाभर आधी लंडनला ब्लिट्झ डावात तिने महिलांमधली अव्वल खेळाडू होऊ यिफान हिलाही हरवले होते. तिच्या खेळाचा पाया नागपूरचे प्रशिक्षक राहुल जोशी सरांनी घातलेला. २०२० मध्ये ते गेले.

ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर आणि हम्पी, हरिका, वैशालीनंतरची चौथी महिला. जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेतली जागाही तिला याच विजयाने मिळाली.