दान केलेल्या विजेचा हिशेब

सेकंदाला पाचशेहून अधिक गिरक्या घेणारा एक न्यूट्रॉन तारा आणि अवघ्या ७५ मिनिटांत त्याची प्रदक्षिणा पूर्ण करणारा त्याचा जोडीदार. २०२० मध्ये जाहीर झालेला हा शोध 'आइनस्टाइन ॲट होम' प्रकल्पाचा. फर्मी दुर्बिणीने टिपलेल्या गॅमा किरणांच्या नोंदींतून ताऱ्याची लय हुडकायची तर अफाट आकडेमोड हवी. ती जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरच्या संगणकांवर, ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर करून दिली.

हे लोक संगणकाचा रिकामा वेळ दान करतात, असं म्हणायची पद्धत आहे. १९९९ मध्ये 'सेटी ॲट होम' हा असाच प्रकल्प सुरू झाला तेव्हा ते बरंचसं खरंही होतं. रिकामा संगणक आणि राबणारा संगणक यांच्या वीजवापरात आजच्याइतकी तफावत नव्हती. आजचा प्रोसेसर काम नसताना जवळजवळ झोपतो आणि काम मिळताच शंभर वॉटच्या पुढे जातो. म्हणजे दान होते ती वीज, आणि तिचं चीज झालं पाहिजे.

मग ती ग्राफिक्स कार्डाला द्यावी की प्रोसेसरला? आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॉटपर्यंत वीज घेतं. सोळा कोअरचा रायझन ५९५०एक्स हा प्रोसेसर सुमारे १४० वॉटवर थांबतो. साहजिकच कार्ड उधळं वाटतं. पण कागदोपत्री कार्डाची क्षमता सेकंदाला ८२ लाख कोटी गणितांची, तर प्रोसेसरची जेमतेम दोन लाख कोटींची. दर वॉटमागे कार्ड बारा-तेरा पट काम उरकतं.

असं का? प्रोसेसरच्या चिपवरची बरीच जागा आणि ऊर्जा पुढची आज्ञा कोणती येईल याचा अंदाज बांधण्यात, आज्ञांचा क्रम लावण्यात आणि माहिती हाताशी ठेवण्यात जाते. ग्राफिक्स कार्डात कवायतीसारखा कारभार असतो: आज्ञा एक, आणि बत्तीस धागे (थ्रेड) तीच कृती आपापल्या आकड्यांवर एकदम करतात. आज्ञा देण्याचा खर्च बत्तीस जणांत वाटला जातो.

मात्र गणितात 'असं असेल तर हे, नसेल तर ते' असे फाटे वारंवार फुटू लागले की ही शिस्त मोडते. काही धागे एका वाटेने जातात, तेवढा वेळ उरलेले नुसते थांबून राहतात. प्रथिनांच्या घड्या शोधणारं 'रोझेटा ॲट होम' म्हणूनच प्रोसेसरवर चालत आलं आहे.

दुसरी मेख अचूकतेची. प्रत्येक आकड्याचे पंधरा-सोळा सार्थ अंक सांभाळायचे असतील, तर प्रोसेसरचा वेग निम्मा होतो. गेमिंगसाठी बनवलेल्या ४०९०चा मात्र चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. मग वॉटमागे प्रोसेसरच दुपटीहून सरस ठरतो! आपल्या आकाशगंगेची रचना तपासणाऱ्या 'मिल्कीवे ॲट होम'ला अशीच अचूकता लागे. त्यासाठी स्वयंसेवक जुनी रेडिऑन ७९७० कार्डं जपून ठेवत, कारण त्यांत हा वेग चौथ्या हिश्श्यापर्यंतच घसरायचा.

तेव्हा कार्ड किती वॉट घेतं हे विचारून भागत नाही. एक काम पुरं व्हायला किती युनिट लागले, ते बघायला हवं, आणि तेही भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावून. मदरबोर्ड, पंखे, पॉवर सप्लाय यांचा खर्च संगणक चालू आहे तोवर चढतच राहतो, त्यामुळे रेंगाळणारं काम महाग पडतं.

यात स्वयंसेवकाच्याही हातात बरंच असतं. चिपचा वीजवापर तिच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं, म्हणून तोच वेग सर्वांत खर्चिक. कार्डाची वीजमर्यादा सत्तर टक्क्यांवर आणली, तरी कामात सहसा किरकोळच घट होते. हा बदल पहिल्याच दिवशी करावा.

आपल्याकडे आणखी एक हिशेब आहे. ३०० वॉटचं कार्ड अखंड चाललं तर महिन्याला २१६ युनिट होतात, आणि त्या सगळ्याची खोलीत उष्णता होते. थंड देशांत तेवढाच हीटरचा खर्च वाचतो. नागपुरात मे महिन्यात तीच उष्णता बाहेर काढायला एसीला वेगळी वीज लागते, आणि तीही बहुतांश कोळशाची. तिथल्या हौशी मंडळींनी उन्हाळ्यात कार्ड बंद ठेवावं आणि डिसेंबरच्या रात्री मनसोक्त चालवावं.