लष्करी नमुन्यांचें प्रमाण

दिवाळीच्या दिवसांत पुण्यापासून भोर-वेल्ह्यापर्यंत घरोघरच्या अंगणांत मुलें मातीचे किल्ले उभारतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलावर पेरलेली मोहरी किंवा हळीव, आणि जागोजाग बाजारांतून आणलेले मावळे, ही रचना आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अशा एका किल्ल्याचा हिशेब करून पाहूं. किल्ला दोन फूट उंच आहे आणि मावळा चार इंच. खरा मावळा साडेपांच फूट, म्हणजे सहासष्ट इंच उंच धरला, तर बाजारांतील मावळा खऱ्याचा सुमारें साडेसोळावा हिस्सा झाला. त्याच हिशेबानें हा किल्ला खऱ्या मापांत किती उंच होईल? अवघा तेहतीस फूट! मुलानें पाटीवर नांव लिहिलें राजगडाचें, आणि बांधला मात्र तीन मजली वाडा. खरा राजगड गुंजवण्याच्या बाजूनें चढूं लागल्यास सुमारें दोन हजार फूट डोक्यावर उभा असतो.

मुलाच्या आनंदांत यानें कांहीं उणें होत नाहीं, व होऊंही नये. परंतु हाच प्रकार जेव्हां प्रौढ गृहस्थ पैसे खर्चून काचेच्या कपाटांत मांडतात, तेव्हां त्याचा विचार करावासा वाटतो. रणगाडे, तोफा, विमानें व युद्धनौका यांचे सांच्यांत ओतलेले धातूचे नमुने, ज्यांना व्यापारांत डायकास्ट म्हणतात, जमविण्याचा छंद आपल्या शहरांतून आतां रूढ झाला आहे. या छंदांत पाऊल टाकणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो हा, कीं नमुने कोणत्या प्रमाणाचे घ्यावे? त्याचें उत्तर आज थोडक्यांत देण्याचा विचार आहे.

प्रमाण म्हणजे काय, हें नकाशा वाचणाऱ्यास सांगावयास नको. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे भूमीवरचे पांचशें मीटर. नमुन्याचेंही तसेंच. १:७२, म्हणजे एकास बहात्तर, याचा अर्थ खरी वस्तु बहात्तर इंच तर नमुना एक इंच. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हां या प्रमाणांत सहा फुटी शिपाई बरोबर एक इंचाचा होतो. फूट-इंच वापरणाऱ्या लोकांस हें सोयीचें वाटलें यांत नवल नाहीं. दुसरा अंक जितका मोठा, तितका नमुना लहान, ही गोष्ट नवशिक्यानें आधीं ध्यानांत धरावी.

यापुढची गोष्ट तितक्या सहजपणें ध्यानांत येत नाहीं. १:७२ ऐवजीं १:३६ घेतलें, तर नमुन्याची लांबी दुप्पट होते. पण त्याला लागणारी फळीवरची जागा चौपट होते, आणि त्याच्या अंगच्या धातूचें वजन आठपट होतें. लांबीचा वर्ग आणि लांबीचा घन यांचा हा खेळ आहे. सेंच्युरियन रणगाडा सुमारें ५१ टनांचा होता. त्याची आंतबाहेर हुबेहूब प्रतिकृति त्याच धातूंची केली, तर १:७२ मध्यें तिचें वजन सुमारें १४० ग्रॅम भरेल, १:५० मध्यें सुमारें ४०० ग्रॅम, आणि १:३२ मध्यें दीड किलो! बाजारांतील ओतीव नमुन्यांचें वजन तंतोतंत इतकें नसतें; पण वाढीचा नियम तोच. घरच्या मंडळींच्या सहनशीलतेवर पडणारा भार कोणत्या नियमानें वाढतो, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

हीं प्रमाणें कोणा एका पंडितानें बसून ठरविलेलीं नाहींत. लंडनच्या ब्रिटन कुटुंबानें १८९३ मध्यें शिशाचे पोकळ शिपाई ओतण्यास आरंभ केला. त्या काळच्या खेळांतील आगगाड्यांशीं जुळावे म्हणून ते ५४ मिलिमीटर उंचीचे केले गेले, आणि त्यांवरून १:३२ हें शिपायांचें प्रमाण रूढ झालें. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनें १९३४ पासून डिंकी या नांवानें ज्या गाड्या विकल्या, त्यांचें नातेंही आगगाडीशींच होतें. एका फुटास सात मिलिमीटर असा त्या गाडीचा हिशेब, आणि त्यांतून १:४३ हें आंकडा म्हणून विचित्र दिसणारें प्रमाण जन्मास आलें. १९५३ मध्यें निघालेल्या मॅचबॉक्स गाड्यांची गोष्ट याहून वेगळी. तेथें प्रत्येक गाडी काड्यापेटीसारख्या खोक्यांत मावली पाहिजे, एवढाच नियम होता. त्यामुळें खऱ्या जगांतील प्रचंड यंत्र आणि लहानशी मोटार त्या खोक्यांत जवळजवळ सारख्याच आकाराचीं होऊन बसलीं. जपानच्या तामिया कंपनीनें १९६१ मध्यें पँथर रणगाड्याचा प्लॅस्टिकचा नमुना काढला, तेव्हां त्यांत विजेरीचे सेल मावावे म्हणून जो आकार घेतला, त्यांतून १:३५ निघालें. तात्पर्य, प्रमाणें बहुधा सोयींतून निर्माण झालेलीं आहेत. तेव्हां अमुकच प्रमाण श्रेष्ठ, असा अभिमान धरण्याचें कारण नाहीं. आपलें काम कोणतें, तें आधीं पाहावें.

परंतु एकदां प्रमाण निवडलें, कीं तें एकच ठेवण्याचें महत्त्व मोठें आहे. १९४२ सालचें एक उदाहरण त्यासाठीं पाहण्यासारखें आहे. अमेरिका महायुद्धांत उतरल्यावर तिच्या आरमारानें देशभरच्या माध्यमिक शाळांकडून विमानांचे पांच लाख नमुने मागविले. स्वतःचीं, मित्रांचीं व शत्रूचीं अशीं सर्व विमानें १:७२ या एकाच प्रमाणांत करावयाचीं होतीं. कारण सरळ होतें. या प्रमाणाचा नमुना पस्तीस फुटांवर धरला, कीं खरें विमान सुमारें अर्ध्या मैलावर जेवढें दिसेल तेवढाच तो दिसतो. तोफेवरील शिपायास विमान ओळखण्याबरोबर त्याचें अंतरही अजमावतां यावें, अशी ती योजना होती. एक नमुना मोठा व दुसरा लहान झाला असता, तर तें सारें शिक्षण खोटें ठरलें असतें, आणि त्याचें मोल स्वतःच्याच वैमानिकांच्या प्राणांनीं द्यावें लागलें असतें. शाळकरी मुलांच्या हातांतील पट्टीवर एवढी जबाबदारी होती.

आपल्या कपाटावर कोणाचे प्राण अवलंबून नसतात. पण इतिहासाची समज अवलंबून असते. १९६५ च्या युद्धांत स्यालकोट आघाडीवर पूना हॉर्स ही पलटण सेंच्युरियन रणगाडे घेऊन लढली. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर तेथें धारातीर्थीं पडले, आणि त्यांना परमवीर चक्र देण्यांत आलें. शत्रूपाशीं अमेरिकन पॅटन रणगाडे होते. आतां कोणी सेंच्युरियन १:७२ चा व पॅटन १:५० चा घेऊन समोरासमोर मांडले, तर पहिल्याची रुंदी ४७ मिलिमीटर आणि दुसऱ्याची सुमारें ७३ भरेल. घरांतील मूल समजेल, कीं पॅटन दीडपट मोठा होता. प्रत्यक्षांत दोघांच्या रुंदींतील फरक वीतभरापेक्षां किंचित् अधिक, आणि १:७२ च्या जोडीत तो तीन-चार मिलिमीटर दिसला पाहिजे. तो सामना आकाराचा नव्हता, नेमबाजीचा, शिस्तीचा व धैर्याचा होता, ही गोष्ट त्या तीन-चार मिलिमीटरांतच सांगितली जाते. ज्यांना खऱ्या यंत्रांशीं आपले नमुने ताडून पाहावयाचे असतील, त्यांनीं अहिल्यानगर येथें १९९४ मध्यें स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय अवश्य पाहावें.

मग निवड कशी करावी? माझ्या मतें आपल्याला हवी असलेली सर्वांत मोठी वस्तु प्रथम मोजावी. विमानांचा संग्रह करावयाचा आहे असें धरा. १९६५ मध्यें नांव मिळविलेलें नॅट विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बावीस फूट होतें. १:७२ मध्यें तें सव्वानऊ सेंटिमीटर होतें व तळहातावर मावतें. पण २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं ज्या डाकोटा विमानांतून आपलें सैन्य श्रीनगरास उतरलें, त्याचे पंख साडेपंचाण्णव फूट. त्याच प्रमाणांत तें चाळीस सेंटिमीटर होतें आणि सामान्य कपाटाच्या फळीबाहेर येतें. नॅटकडे पाहून प्रमाण ठरविणाऱ्यास डाकोटा आणतांना कपाट बदलावें लागेल, नाहीं तर प्रमाण मोडावें लागेल. डाकोटाकडे पाहून १:१४४ ठरविणाऱ्याचें डाकोटा वीस सेंटिमीटरांत बसेल. मात्र त्याचें नॅट पांच सेंटिमीटरांहूनही लहान होईल, हें त्यानें आनंदानें पत्करलें पाहिजे.

नौकांच्या बाबतींत तर पर्यायच उरत नाहीं. १९६१ मध्यें आरमारांत आलेली विक्रांत ही विमानवाहू नौका सातशें फूट लांब होती. १:७२ मध्यें ती पावणेदहा फूट होईल. तिच्यासाठीं दिवाणखान्याची भिंत मोकळी करावी लागेल. शंभर फुटांस एक इंच, म्हणजे १:१२००, या प्रमाणांत ती सात इंचांची होते. खरी नौका १९९७ मध्यें निवृत्त झाली व २०१४ मध्यें मोडीत काढली गेली. २०२२ मध्यें त्याच नांवाची नवी नौका आली, ती २६२ मीटर लांब आहे. दोघींचे नमुने १:१२०० मध्यें शेजारीं शेजारीं ठेवले, तर नवी जुनीहून सुमारें चार सेंटिमीटरांनीं लांब दिसेल. दोघींना एकत्र पाहण्याचा आतां हाच एक मार्ग उरला आहे.

लहान प्रमाणाचा दोषही सांगितला पाहिजे. बंदुकीची नळी अठरा मिलिमीटर जाड धरली, तर १:७२ मध्यें ती पाव मिलिमीटर होते. इतकी बारीक सळई सांच्यांत ओतून निघणें दुरापास्त. म्हणून कारागीर ती जाड करतो किंवा प्लॅस्टिकची लावतो. चेहरा, पागोटें, पट्टा व हत्यार ज्याला पाहावयाचें आहे, त्यानें १:३२ कडे जावें आणि थोड्याच शिपायांवर समाधान मानावें. यंत्रांची तुलना ज्याला करावयाची आहे, त्याला १:७२ किंवा १:५० बरें. नौकेसाठीं १:१२००. माणूस, यंत्र आणि नौका हीं तिन्ही एका फळीवर सारख्याच स्पष्टपणें दाखविण्याचा हव्यास धरूं नये.

हाच न्याय आपल्या दिवाळीच्या किल्ल्यास लावून पाहूं. वेल्हे तालुक्यास आतां राजगडाचेंच नांव देण्यांत आलें आहे, आणि २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले, त्यांत राजगड आहे. सुमारें पंचवीस वर्षें तो शिवछत्रपतींची राजधानी होता. त्याची थोरवी एकाद्या बुरुजाच्या उंचींत नाहीं. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन दिशांस पसरलेल्या माच्या आणि मध्यें उठलेला बालेकिल्ला, या विस्तारांत ती आहे. चार इंची मावळा शेजारीं उभा केला, कीं हा विस्तारच नाहींसा होतो. १:७२ चे मावळे आणले, तरी पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा डोंगर सव्वाआठ मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढा करावा लागेल. म्हणून संपूर्ण गड दाखवावयाचा असेल, तर १:१००० घ्यावें. डोंगर साठ सेंटिमीटर उंच होईल, मुलें करतात तेवढाच. तोरणा राजगडापासून सरळ रेषेंत सुमारें सात किलोमीटर आहे. तो सात मीटरांवर, अंगणाच्या दुसऱ्या टोकास उभारतां येईल. राजगड समुद्रसपाटीपासून १३७६ मीटर व तोरणा १४०३ मीटर. तेव्हां तोरण्याचा माथा पावणेतीन सेंटिमीटरच वर दिसला पाहिजे. आणि मावळा? तो दीड-पावणेदोन मिलिमीटरांचा, म्हणजे त्याच किल्ल्यावर पेरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा! तो दाणा त्या डोंगरावर ठेवून पाहिला, म्हणजे पाठीवर ओझें घेऊन हा गड रोज चढणाऱ्या माणसांची कल्पना मुलास येईल.

आणि मावळेच हवे असतील, तर संपूर्ण गडाचा मोह सोडावा. संजीवनी माचीचा एकच चिलखती बुरूज घ्यावा. बुरूज पंचवीस फूट उंच धरला, तर १:३२ मध्यें तो साडेनऊ इंचांचा होईल. त्याच्याजवळ ५४ मिलिमीटरांचे मावळे शोभतील, एकादी तोफही शोभेल, आणि तट केवढा व माणूस केवढा हें कोणी न सांगतां कळेल. भोरच्या मुलांस रोहिड्याचा एकादा दरवाजा याच रीतीनें करतां येईल.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. खोक्यावर छापलेलें प्रमाण नेहमींच खरें असतें असें नाहीं. खऱ्या वस्तूचें माप पुस्तकांतून काढावें, नमुना पट्टीनें मोजावा, व पहिल्यास दुसऱ्यानें भागावें. सेंच्युरियनची रुंदी ३३९० मिलिमीटर, नमुन्याची ४७; भागाकार बहात्तर आला, तर विक्रेता खरें बोलतो. पहिला नमुना घेण्यापूर्वीं एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्या : आपल्याला हवी असलेली सर्वांत मोठी वस्तु कोणती, कपाटाची फळी किती लांब व किती खोल, आणि नमुन्याच्या शेजारीं काय उभें राहणार. या तिहींचा मेळ जेथें बसेल, तेंच आपलें प्रमाण. त्या प्रमाणाबाहेरची सुंदर वस्तु दुकानांत दिसली, तर ती डोळे भरून पाहावी आणि तेथेंच ठेवून घरीं यावें.