महाराष्ट्राच्या निवडणूक राजकारणातील महिलांपुढील अडथळे

महाराष्ट्रात निवडणूक लढविण्याचा अधिकार स्त्री-पुरुषांना समान आहे. मात्र उमेदवारी मिळवणे, निवडून येणे आणि मिळालेले पद स्वतः चालवणे या तिन्ही टप्प्यांवर महिलांना सामाजिक, आर्थिक व संस्थात्मक अडथळ्यांना सामोरे जावे लागते.

पार्श्वभूमी

१९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांमध्ये महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केले. विधानसभेत असे आरक्षण लागू नव्हते. तेथे २०१९ च्या निवडणुकीत २८८ पैकी २४ महिला निवडून आल्या.

उमेदवारी

आरक्षण नसलेल्या जागांवर पक्ष ‘निवडून येण्याची क्षमता’ पाहतात. पैसा, कार्यकर्त्यांचे जाळे आणि सहकारी संस्थांवरील पकड बहुतांशी पुरुषांकडे असल्याने हा निकष महिलांना प्रतिकूल ठरतो. राजकीय घराण्याचा आधार नसलेल्या महिलांना ही अडचण अधिक जाणवते. स्थानिक संस्थांतील राखीव जागा फिरत्या असतात. जागा खुली झाली की, काम केलेल्या सदस्येलाही पुन्हा उमेदवारी मिळेलच असे नसते.

पदावरील अधिकार

निवडून आलेल्या महिलेऐवजी पती किंवा नातेवाईक कारभार पाहतो, तेव्हा त्यास ‘सरपंचपती’ म्हटले जाते. सही सरपंचाची, निर्णय दुसऱ्याचा, असे त्याचे स्वरूप असते. महिलांना मोकळेपणाने बोलता यावे यासाठी नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे.

अपात्रतेच्या तरतुदी

१२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाल्यास ग्रामपंचायत सदस्यत्व जाते. नियम दोघांनाही लागू असला, तरी अपत्यांविषयीचा निर्णय अनेकदा स्त्रीच्या हाती नसतो.

अपात्रतेची तक्रार महिलेला पदावरून दूर करण्याचे साधनही ठरू शकते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचाला सासूसह शासकीय जमिनीवरील घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवण्यात आले होते. आपण भाड्याच्या घरात वेगळे राहतो, असे तिचे म्हणणे होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे पद कायम ठेवले. महिला सरपंच झाल्याचे गावकऱ्यांना न रुचल्याचे हे प्रकरण असल्याचे निरीक्षणही न्यायालयाने नोंदवले.

विधिमंडळातील आरक्षण

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागांची तरतूद केली. तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडण्यात आली.