किनाऱ्याने आधीच सांगितलं होतं

गोव्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लावणाऱ्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध दिलेल्या लढ्याला आता पन्नास वर्षं होत आली. वास्कोच्या बाजारात परराज्यातून बर्फात आलेला बांगडा निवडणाऱ्या तरुण गिऱ्हाइकाला हा लढा ऐकूनही ठाऊक नसतो, याचं मला वाईट वाटतं. आज त्याच्या ताटात काय पडतं, ते त्या लढ्याच्या, सत्तरच्या दशकात ठरलं.

साठच्या दशकात पहिले ट्रॉलर आले, तरी किनाऱ्याचं रोजचं जगणं फारसं हललं नव्हतं. खरी उलथापालथ सत्तरच्या दशकातली. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर रापण लागली की दोर ओढायला वाडाच्या वाडा उतरायचा. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचे वेगळे. दोराला हात लावलेल्या पोरालाही मूठभर तारले मिळायचे. तारले खाऊन, विकून, खारवूनही उरले तर माडांच्या मुळांत जायचे. समुद्राने दिलेलं जमिनीला मिळायचं.

१९७३मध्ये झुआरीनगरचा खत कारखाना सुरू झाला. त्याच काळात कर्ज आणि अनुदानाच्या जोरावर ट्रॉलर वाढत गेले. शेतात युरियाची गोण आणि समुद्रात यांत्रिक बोट, दोन्हींचं स्वागत प्रगती म्हणूनच झालं. कारखान्याच्या सांडपाण्यातल्या आर्सेनिकने वेळसावच्या समुद्रात मासळी मेली, तेव्हा लोक रस्त्यावर आले. ट्रॉलरने केलेली हानी मात्र पाण्याखाली होती, म्हणून ती शहराला दिसली नाही.

ट्रॉलरला हवी होती निर्यातीची सुंगटां, म्हणजे कोळंबी, आणि ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात. मग तळ खरवडत जाळं ओढायचं, त्यात अंडी, पिल्लं, सगळंच यायचं. वाटेत रापणकाराचं जाळं आलं तर तेही फाटायचं. बोटींचे मालक बरेचदा पिढीजात मासेमार नव्हतेच. भांडवल असलेली माणसं होती. माथानी साल्ढाणांसारख्या शिक्षकाने रापणकारांना एकत्र केलं. मोर्चे निघाले, उपोषणं झाली. तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांनी त्यांना विकासाचे शत्रू ठरवलं. त्यातले किती जण आज मासळी परवडत नाही म्हणून कुरकुरतात! रापणकार तेव्हा एवढंच सांगत होते, की पिल्लं मारलीत तर पुढे मासा उरणार नाही.

१९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा हे त्या लढ्याचं फळ. किनाऱ्यालगतच्या ५ किलोमीटरच्या पट्ट्यात यांत्रिक मासेमारीला मनाई झाली. कागदावर रापणकार जिंकले. अंमलबजावणीत हरत गेले, कारण कायदा करणारं सरकारच दुसऱ्या हाताने बोटींना अनुदान देत होतं.

पुढच्या दशकांत वेगळं काही घडलं नाही, तेच वाढत गेलं. पर्ससीन जाळ्यांनी बांगड्यांचे आणि तारल्यांचे थवेच्या थवे वेढून उचलले. मग रात्री मासळीला भुलवणारे एलईडीचे झगमगते दिवे आले. २०१७च्या नोव्हेंबरात केंद्राने त्यांवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. लहान तारले फिशमीलमध्ये दळले जातात आणि कोंबड्यांच्या, कोळंबीच्या खाद्यात जातात. माणसाने खायचा मासा पोल्ट्रीला खपतो आणि गरिबाच्या घरातून उठतो. पेडण्यात मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवं समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात सापडून गुदमरतात, त्यांचा हिशेब तर कुणाच्याच वहीत नसतो.

२०१८च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला आणि गोवा हादरला. आधी जागेवरच्या तपासणीत रसायन आढळल्याची बातमी आली, मग प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासा. मासे टिकवायला जे रसायन वापरायची परवानगीच नाही, त्याला मर्यादा कसली? लोक संतापले ते रास्तच होतं. पण शेकडो मैलांवरून ट्रकने मासळी का आणावी लागते, हा प्रश्न त्या संतापात फारसा कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर सत्तरच्या दशकात आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ५ किलोमीटरची हद्द रोज पाळली जावी. जाळ्याचा आस तपासला जावा. पिल्लं बाजारात आली तर ती विकणाऱ्याइतकाच विकत घेणाराही दोषी धरावा. अनुदान बोटीच्या अश्वशक्तीला नको, समुद्र राखणाऱ्या माणसाला मिळावं. पन्नास वर्षांपूर्वी रापणकारांनी हेच मागितलं होतं, आणि ते बरोबर होते.